सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव: व्हीसीचा पैसा धंद्यात येतो कसा

अमळनेरची गोष्ट खानदेशात सगळ्यांनी ऐकलेली असते. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. कंपनीचं नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, तिचे शेअर लोकांना विकायला काढले, आणि गावातल्या माणसांनीही घेतले. १९६६ साली वडील अचानक गेले तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते. शिक्षण अर्धवट सोडून ते परत आले आणि तूप-साबणाच्या त्या कंपनीची पुढे विप्रो झाली. ज्या घरांनी ते कागद विकले नाहीत, त्यांच्या नातवंडांची ददात मिटली.

त्याच १९४६ साली अमेरिकेत बोस्टनला जॉर्ज डोरिओ नावाच्या प्राध्यापकाने काही जणांना सोबत घेऊन एक कंपनी काढली. लोकांकडून पैसा गोळा करायचा आणि ज्यांना बँक दारात उभं करत नाही अशा नव्या, धोक्याच्या धंद्यांत मालकीचा वाटा घ्यायचा, एवढंच तिचं काम. १९५७ मध्ये तिने डिजिटल इक्विपमेंट या संगणकाच्या नवख्या कंपनीत ७०,००० डॉलर घातले. साधारण अकरा वर्षांत त्या वाट्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. आज ज्याला आपण व्हेंचर कॅपिटल, म्हणजे व्हीसी म्हणतो, त्याची सुरुवात इथली मानतात.

अमळनेरच्या आजोबांनी आणि बोस्टनच्या प्राध्यापकांनी एकच काम केलं होतं. उधार न देता मालकीत वाटा घेतला. पण आजोबांना शेअर कधी विकायचे याची कुणी तारीख दिलेली नव्हती. आजच्या व्हीसीला ती तारीख असते, आणि ती तारीख कळली की त्याचं बाकीचं वागणंही कळायला लागतं.

मी जळगावात छोट्या कंपन्यांचे हिशेब बघते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणारी निम्मी पोरं एकच विचारतात, "ताई, इन्व्हेस्टर मिळेल का?" हुशार असतात, राबतात, माल चांगला असतो. तरी मुंबई-पुण्याहून हात हलवत परत येतात आणि आपल्यातच काही कमी आहे असं समजतात. बहुतेक वेळा त्यांच्यात काही कमी नसतं. समोरच्याचा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगितलेला नसतो. तो इथे मांडते.

त्याला घाई कसली असते

व्हीसी स्वतःचा पैसा फारसा घालत नाही. तो श्रीमंत घराणी, विमा कंपन्या, सरकारी वित्तसंस्था अशांकडून पैसा घेतो. आपल्याकडे हे सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, २०१२ च्या नियमांखाली चालतं, आणि अशा फंडात पैसा ठेवणाऱ्या प्रत्येकाला साधारणपणे किमान १ कोटी ठेवावे लागतात. फंडाचं आयुष्य बहुधा दहा वर्षांचं. पहिल्या तीन-चार वर्षांत पैसा लावायचा आणि उरलेल्या वर्षांत वाटे विकून ज्याचा त्याला परत द्यायचा. चालवणारे वर्षाला साधारण २ टक्के खर्चापोटी घेतात, आणि नफा झाला तर त्यातले साधारण २० टक्के.

समजा, फंड १०० कोटींचा आहे. दहा वर्षांच्या खर्चात २० कोटी गेले. उरलेले ८० कोटी वीस कंपन्यांत, प्रत्येकी ४ कोटी असे लावले. पैसा देणाऱ्यांना दहा वर्षांनी तिप्पट हवेत, म्हणजे ३०० कोटी. आता वीसपैकी दहा कंपन्या बुडतील, हे तो धरूनच चालतो. सात कंपन्या घातले तेवढे परत देतील, त्याचे २८ कोटी. उरल्या तीन. बाकीचे सुमारे २७० कोटी त्या तिघींनी आणायचे, म्हणजे प्रत्येकीने ९०. विक्रीच्या वेळी फंडाचा वाटा १५ टक्के असेल, तर ती कंपनी ६०० कोटींची व्हायला हवी. आकडे मी सोपे धरले आहेत, पण रीत हीच.

म्हणून तुमच्याशी बोलताना त्याच्या डोक्यात एकच प्रश्न चालू असतो. सात-आठ वर्षांत ही कंपनी ६०० कोटींची होऊ शकेल का? धंदा चांगला आहे का, हा प्रश्न त्याच्यासाठी पुरेसा नसतो.

जळगावच्या एमआयडीसीतली एखादी डाळ मिल घ्या. वर्षाला दोन कोटी नफा, उधारी वेळेवर वसूल, तीस घरं तिच्यावर जगतात. माझ्या मते उत्तम धंदा. व्हीसी तिला नाही म्हणेल, कारण दुप्पट डाळ काढायला दुप्पट यंत्रं, दुप्पट गोदाम आणि दुप्पट खेळतं भांडवल लागतं. दहा वर्षांत ती तिप्पट होईल, शंभरपट होणार नाही. तिला बँकेचं कर्ज हवं, तारणाऐवजी हमी देणारी सरकारी योजना हवी. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरातल्या पिढ्यांच्या साठवणीतले ७,००० रुपये घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ साली केळी पावडरचा कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. ठिबक सिंचन त्याच्याही नंतरचं. हा पंधरा-वीस वर्षांचा धीर दहा वर्षांच्या फंडात बसत नाही, आणि तसा तो बसायलाच हवा असंही नाही.

शेतीच्या भाषेत सांगते. बँक म्हणजे हातउसने देणारा, पीक येवो न येवो, हप्ता दे. बटाईदाराला पिकात वाटा असतो. व्हीसीला दरवर्षीच्या पिकाचं फार कौतुक नसतं. त्याला सातबाऱ्यावर नाव हवं असतं, आणि ठरलेल्या मुदतीत तो तुकडा कितीतरी पट भावाने विकायचा असतो. आपलं वावर तसं आहे का, हे आधी स्वतःला विचारायचं.

ओळख

ओळखी जोडणं खानदेशी माणसाला शिकवायची गरज नाही, असं मला आधी वाटायचं. कापसाच्या हंगामात आपल्याकडे शब्दावर लाखोंचा माल उचलला जातो. सराफ्यात वडिलांच्या नावावर मुलाला उधारी मिळते. हिवाळ्यात मळ्यावर भरताची पार्टी असते, तिथे काट्यांच्या जाळावर वांगी भाजता भाजता सौदे ठरतात. माणसं जोडणं आपल्या रक्तात आहे.

अडचण अशी की हे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात. तुमचा मामा, मामाचा साडू, साडूचा व्याही, सगळ्यांना तीच माणसं आणि तीच बातमी माहीत. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने यावर एक फार मोलाची गोष्ट दाखवली. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. नेहमी भेटणारे सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना खबर दिली होती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी. कारण साधं आहे. जवळचा माणूस आपल्याच वर्तुळात फिरतो, दूरचा ओळखीचा दुसऱ्या वर्तुळातून येतो. जिवाला जीव देणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. दूरच्या ओळखी कमी आहेत, किंवा असल्या तरी आपण त्या जपत नाही.

त्या असतातही. खानदेशातली किती माणसं पिंपरी-चिंचवडला आहेत, सुरतेला आहेत, बेंगळुरूच्या कंपन्यांत आहेत. तुमच्या वर्गातला कोणीतरी एखाद्या नव्या कंपनीत आठवा-दहावा माणूस म्हणून लागलेला असतो. त्या कंपनीच्या मालकाला एखाद्या फंडाने पैसा दिलेला असतो. व्हीसीकडे जाण्याची सगळ्यात चांगली वाट या मालकावरून जाते. ज्याच्यावर फंडाने पैसा लावला आहे, त्याने सुचवलेला माणूस फंडवाले भेटतातच. त्याच्या खालोखाल वकील, सीए, इन्क्युबेशन केंद्राचे, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणाऱ्या केंद्राचे, लोक. कुणाच्याही ओळखीशिवाय पाठवलेला मेल कधी कधी वाचला जातो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

एक उदाहरण मनाशी धरू. रावेर तालुक्यातली एक मुलगी आहे. संगणकाचं शिकलेली, वडिलांची केळी. कोणत्या शेतातले घड कोणत्या आठवड्यात कापणीला येणार, हे व्यापाऱ्याला आधी सांगणारं ॲप तिने बनवलंय. व्यापाऱ्याचा ट्रक अर्धा भरून उभा राहत नाही, शेतकऱ्याचा माल झाडावर पिकून वाया जात नाही. डाळ मिलपेक्षा वेगळं काय, तर आणखी हजार शेतं जोडायला नवं गोदाम लागत नाही. व्हीसीकडे जाण्यासारखा हा धंदा आहे.

तिने पैसे मागायला कधी निघावं? माझं उत्तर, पैसे लागण्याच्या वर्षभर आधी, आणि तेव्हा पैसे मागायचेच नाहीत. दिवाळीत गावी आलेल्या वर्गमित्राला शेतावर न्यायचं, ॲप दाखवायचं आणि म्हणायचं, "तुझ्या मालकांना वीस मिनिटं विचारायचंय, व्यापाऱ्यांकडून महिन्याचे पैसे घेऊ की क्विंटलमागे?" अनुभवी माणसाला नेमका प्रश्न विचारला तर तो बहुधा वेळ देतो. मग त्याने सांगितलेलं करून बघायचं आणि काय झालं ते महिन्याभरात कळवायचं. हा दुसरा निरोप नव्वद टक्के पोरं पाठवत नाहीत. नव्वद हा माझा अंदाज, पण माझ्यासमोर रोज घडणारा. सल्ला घेतला आणि गप्प बसले, तर ओळख तिथेच विझते.

त्यानंतर दर महिन्याला एक छोटा मेल. किती व्यापारी जोडले, किती सोडून गेले, अंदाज कुठे चुकला, काय मदत हवी. वाईट बातमीही लिहायची. सलग दहा महिने असा मेल वाचणाऱ्याच्या हातात तुमचा दहा महिन्यांचा उतारा असतो. तुमचे आजोबा त्याला माहीत नाहीत. आपल्याकडे तीन पिढ्यांच्या व्यवहारातून जो भरवसा तयार होतो, तो त्याच्याजवळ या दहा मेलांतूनच होणार.

ओळख करून द्या असं सांगताना मधल्या माणसाचं काम हलकं करायचं. त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मजकूर आपणच लिहून द्यायचा. त्या मुलीने असा लिहावा:

"केळीची कापणी कधी येईल हे व्यापाऱ्याला दहा दिवस आधी सांगणारं ॲप आम्ही रावेर-यावल भागात चालवतो. अकरा व्यापारी पैसे भरून वापरतात, त्यातल्या नऊ जणांनी दुसऱ्या हंगामात पुन्हा पैसे भरले. आता बऱ्हाणपूर आणि सोलापूर जोडायचं आहे, त्यासाठी दीड कोटी उभे करतोय. तुम्ही शेतमालाच्या दोन कंपन्यांत गुंतवणूक केली आहे म्हणून तुम्हालाच विचारते. पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?"

यात "क्रांती" नाही, "भारतातलं पहिलं" नाही. अकरातल्या नऊ जणांनी पुन्हा पैसे भरले, हे एक वाक्य बाकी सगळ्याला भारी आहे. आणि फंडवाला त्या व्यापाऱ्यांना फोन करणार आहे, न सांगता करणार आहे. तेव्हा गिऱ्हाईक हीसुद्धा ओळखच, आणि माझ्या मते पहिल्या नंबरची.

जवळच्या जवळ सुरुवात करायला जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं इन्क्युबेशन केंद्र आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ९४५ कोटींची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आणली. तिच्यात निवडलेल्या इन्क्युबेशन केंद्रांमार्फत नमुना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे, अशी सोय ठेवली. अर्ज करण्याआधी योजनेची सद्यस्थिती केंद्रात जाऊन विचारा. पैशाइतकाच तिथल्या परीक्षक मंडळींचा उपयोग असतो, कारण दूरच्या ओळखी तिथे एकत्र भेटतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. माझ्याकडे येणाऱ्या एका पोराने "इन्व्हेस्टरशी गाठ घालून देतो" म्हणणाऱ्या सल्लागाराला आधीच दोन लाख दिले होते. आईच्या पाटल्या मोडून. तीन हॉटेलांत तीन बैठका झाल्या, समोर बसलेल्यांपैकी एकाचाही फंड नव्हता. पैसा उभा राहिल्यावर टक्केवारी घेणारे मध्यस्थ असतात, तो त्यांचा व्यवसाय आहे. पैसा येण्याआधी नुसत्या भेटीचे पैसे मागणाऱ्याला उंबऱ्यावरूनच नमस्कार करा.

कागदावर काय लिहिलेलं असतं

भेटी जमल्या, एकाला धंदा पटला, की तो टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, पाठवतो. आपल्याकडच्या साखरपुड्यासारखा हा कागद. बहुतेक अटी कायद्याने बांधत नाहीत, पण मोडला तर बोभाटा होतो. वाचताना सगळे कंपनीच्या किमतीकडे बघतात. तिथूनच सुरू करू.

समजा, त्या मुलीच्या कंपनीची पैसे येण्याआधीची किंमत ६ कोटी धरली आणि दीड कोटी आले. आल्यानंतरची किंमत साडेसात कोटी. गुंतवणूकदाराचा वाटा दीड भागिले साडेसात, म्हणजे २० टक्के. पुष्कळ जण दीड भागिले सहा करून २५ टक्के काढतात. म्हणून किंमत ऐकली की पहिला प्रश्न, "ही आधीची की नंतरची?" त्यातच नोकरांसाठी १० टक्के शेअर बाजूला काढायला सांगतात. ते बहुधा आधीच्या किमतीत धरलेले असतात, म्हणजे कमी होतो तो मालकाचाच वाटा.

कुणाचा किती वाटा, याच्या तक्त्याला कॅप टेबल म्हणतात. कंपनीचा सातबाराच तो. आपल्याकडच्या कंपन्यांचा हा सातबारा बघून मी कधी कधी कपाळाला हात लावते. सुरुवातीला काकांनी तीन लाख दिले म्हणून त्यांच्या नावावर ३० टक्के. काका धंद्यात नाहीत, सही मात्र त्यांची लागते. फंडवाला अशा सातबाऱ्याला हात लावत नाही, कारण राबणाऱ्याकडेच पुरेसा वाटा उरत नाही. काकांचे पैसे कर्ज म्हणून लिहून घ्या, व्याज द्या, पाया पडा, पण प्रेमाची परतफेड शेअरने करू नका.

आता ती अट जी सगळ्यात कमी वाचली जाते. व्हीसी साधे शेअर घेत नाही. बहुधा अग्रहक्काचे, पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे शेअर घेतो. त्यात लिहिलेलं असतं की कंपनी विकली तर आधी माझे पैसे. समजा, त्याने १० कोटी घालून २५ टक्के घेतले, आणि कंपनी पुढे अवघ्या १२ कोटींना विकली गेली. घरच्यांचा हिशेब असतो की त्याला ३ आणि आपल्याला ९. कागदाप्रमाणे आधी त्याचे १० निघतात, घरी येतात २ कोटी. अट आणखी कडक असेल, म्हणजे "आधी माझे पैसे, आणि उरलेल्यातही वाटा", तर त्या २ कोटींतून आणखी ५० लाख जातात, घरी येतात दीड. पहिला प्रकार सर्रास चालतो आणि मला तो रास्त वाटतो, कारण त्याने तारण मागितलेलं नाही, तुमचं घर-शेत मोकळं आहे. दुसऱ्या प्रकारावर भांडा. किंमत थोडी कमी घ्या, पण ही ओळ खोडून घ्या.

आणखी एक अट ऐकून घरचे चिडतात. मालकाचेही शेअर चार वर्षांत हळूहळू पक्के होतात, बहुधा पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय काहीच नाही. "स्वतःचीच कंपनी, आणि आपलेच शेअर कमवायचे?" असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, दोन मित्रांनी मिळून कंपनी काढली आणि एक जण आठव्या महिन्यात दुबईला गेला, तर त्याने निम्मी कंपनी सोबत न्यावी का?" ही अट त्या उरलेल्या मित्रासाठी आहे.

टर्म शीटवर सही झाली की कागदपत्रांची तपासणी. दोन-तीन महिने सहज जातात, तोवर पगार द्यायला गाठीशी पैसा हवा. इथे आपली मंडळी अडकतात ती जुन्या सवयींमुळे. धंदा अजून वडिलांच्या नावाने प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, तर शेअर द्यायला आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हवी. ट्रेडमार्क भावाच्या नावावर. ॲप ज्या मित्राने लिहिलं त्याच्याकडून हक्क लिहून घेतलेलेच नाहीत. काही विक्री रोखीत, हिशेबाबाहेर. ती रोख विक्री तपासणीत धरली जात नाही, उलट शंका आणते. एंजल टॅक्सची, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त भावाने शेअर विकून आलेल्या पैशावरच्या कराची, भीती मात्र आता सोडा. २०१२ मध्ये आलेला तो कर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तरी लगेच हात लावता येत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ प्रमाणे हा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो. ६० दिवसांत शेअर वाटायचे, वाटल्यावर १५ दिवसांत त्याचं विवरण कंपनी निबंधकाकडे भरायचं, मगच खर्चायला काढायचा. या दिवसांत मी पोरांना एक काम देते. ज्यांनी नाही म्हटलं त्या सगळ्या फंडवाल्यांची यादी काढून प्रत्येकाला दोन ओळी लिहायच्या, की पैसा उभा राहिला, तुम्ही काढलेली अमुक शंका खरी होती, ती आम्ही अशी सोडवतोय. दीड वर्षाने पुन्हा पैसा उभा करायला हीच दारं वाजवायची आहेत.